नॅनोकण रक्तात सोडण्याआधी: प्रतिकारसंस्थेच्या चाचण्या कोणत्या क्रमाने आणि कशा कराव्यात

शिरेतून द्यायच्या नॅनोकणांचं काम पुष्कळदा उलट्या टोकाने सुरू होतं. कण तयार झाले, आकार मोजला, झीटा पोटेन्शियल (पृष्ठभागावरच्या विद्युतप्रभाराचं माप) मोजलं, की लगेच ते पेशींवर टाकून इंटरल्युकिन-६ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन किती सुटलं ते बघायचं. आकडा चढलेला दिसला की ‘कण दाहकारक आहेत’ असं लिहून मोकळं व्हायचं. अशा वेळी कणावर संशय घेण्याआधी कणाला चिकटून आलेल्या जिवाणूंच्या कचऱ्यावर घ्यायला हवा. तो न घेतल्यास चोर सोडून संन्याशाला फाशी होते, आणि पुढची सहा महिन्यांची मेहनत त्या फाशीचं समर्थन करण्यात जाते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी एंडोटॉक्सिन (तोच जिवाणूंचा कचरा), मग तांबड्या पेशी, मग प्रथिनांचं कवच, मग कॉम्प्लिमेंट (परक्या गोष्टीवर तुटून पडणारी रक्तातल्या प्रथिनांची साखळी), मग पांढऱ्या पेशी, आणि सगळ्यात शेवटी प्राण्यांमधला दुसरा डोस. या क्रमाला कारण आहे. आधीची चाचणी नापास झाली तर पुढचीचा आकडा वाचताच येत नाही, शिवाय पुढची चाचणी आधीच्यापेक्षा महाग असते. अमेरिकेत मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथल्या नॅनोटेक्नॉलॉजी कॅरेक्टरायझेशन लॅबोरेटरीने २००४ पासून विकसित केलेले प्रोटोकॉल कुणालाही मोफत वाचता येतात. खाली दिलेल्या रक्ताच्या चाचणीची मापं त्याच धाटणीची आहेत.

एंडोटॉक्सिन: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

एंडोटॉक्सिन म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं लिपोपॉलीसॅकराइड. जिवाणू मेला तरी ते उरतं. ऑटोक्लेव्हने ते जात नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही आरामात पलीकडे जातं. ‘निर्जंतुक’ आणि ‘एंडोटॉक्सिनमुक्त’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल. माणसाच्या मोनोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मिलिलिटरमागे काही दहा पिकोग्रॅम एवढ्या मात्रेलाही प्रतिसाद देतात. धन प्रभाराच्या आणि पाण्याला नकोशा अशा पृष्ठभागांना तर ते घट्ट चिकटतं.

ते येतं कुठून? जुन्या पाण्याच्या टाकीतून, हाताने धुतलेल्या काचेतून, कायटोसान आणि जिलेटिनसारख्या जैविक कच्च्या मालातून. आपल्याकडच्या महाविद्यालयांमध्ये तुळस, कडुनिंब, कोरफड यांच्या अर्कातून चांदीचे कण बनवायची मोठी हौस आहे. रसायनशास्त्र म्हणून ते ठीक, पण नळाच्या पाण्याखाली धुतलेलं पान जिवाणूंची अख्खी वसाहत घेऊन येतं. असे कण थेट प्रतिकारपेशींवर टाकून ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे’ ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

नंतर काढण्यापेक्षा आधीच येऊ न देणं सोपं. काचेची भांडी फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या भट्टीत २५० अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं ठेवा. भट्टीचा काटा २५० दाखवतो त्या क्षणी आतली काच तेवढी तापलेली नसते, म्हणून वेळ तिथून पुढे बरीच जास्त धरा. प्लास्टिक भाजता येत नाही. ते पायरोजेनमुक्त असं लिहिलेलंच विकत घ्या. पाणी इंजेक्शनचं वापरा.

मोजण्यासाठी एलएएल चाचणी, म्हणजे हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींचा अर्क. तिचे तीन प्रकार आहेत आणि निवड तुमच्या कणाच्या रंगावर ठरते. रंगाच्या पद्धतीत ४०५ नॅनोमीटरला वाचन होतं. चांदीचे कण नेमके तिथेच प्रकाश शोषतात, त्यामुळे आकडा खोटा चढतो. गढूळपणाच्या पद्धतीत दुधाळ पॉलिमरचे कण घोटाळा करतात. अशा वेळी जेल-क्लॉट बरी: १०० मायक्रोलिटर नमुना, १०० मायक्रोलिटर अर्क, ३७ अंशाला ६० मिनिटं, मग नळी पूर्ण उलटी करायची. गोळा जागेवर राहिला तर एंडोटॉक्सिन आहे, घसरला तर नाही. त्या तासाभरात नळीला धक्काही लागता कामा नये. कुतूहलापोटी मध्येच उचलून पाहिलेली नळी बाद धरा.

किती चालतं? शिरेतून द्यायच्या औषधासाठी मर्यादा आहे ताशी, शरीराच्या किलोमागे ५ एंडोटॉक्सिन युनिट. समजा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम आहे. मग मिलिग्रॅममागे ५ युनिट चालतील. द्रावण मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचं आणि किटची संवेदनशीलता मिलिलिटरला ०.०५ युनिट असेल, तर ५ गुणिले १ भागिले ०.०५, म्हणजे १०० पट. एवढंच पातळ करून तपासायची मुभा आहे. त्यापुढे पातळ करून ‘काही सापडलं नाही’ म्हणणं ही फसवणूक आहे, स्वतःची आधी. हीच मर्यादा २० ग्रॅमच्या उंदराला लावली तर त्याच्या वाट्याला जेमतेम ०.१ युनिट येतं. १०० मायक्रोलिटर टोचणार असाल तर तुमच्या द्रावणात मिलिलिटरला १ युनिटपेक्षा जास्त नको. उंदीर एंडोटॉक्सिन माणसापेक्षा कितीतरी जास्त सहन करतो, त्यामुळे ‘उंदराला काही झालं नाही’ यावर विसंबू नका.

आणखी दोन सापळे आहेत. एक, कण चाचणीतलं विकर दाबून टाकू शकतात. म्हणून प्रत्येक पातळीच्या नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मिसळा आणि परत किती मिळतं ते पाहा. ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान मिळालं तरच वाचन ग्राह्य. दोन, बीटा-ग्लुकान. बुरशीतून, वनस्पतीच्या अर्कातून किंवा सेल्युलोजच्या फिल्टरमधून आलेलं ग्लुकान एलएएलला एंडोटॉक्सिनसारखंच चेतवतं. शंका असेल तर ग्लुकान अडवणारं बफर वापरून तीच चाचणी पुन्हा लावा, किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर-सी वापरा. त्यात ग्लुकानला प्रतिसाद देणारा घटकच नसतो.

प्रमाण एंडोटॉक्सिन पातळ करायला भाजलेली काच घ्या, पॉलीप्रॉपिलीन नको. एंडोटॉक्सिन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं आणि तुमची प्रमाणरेषाच खाली बसते. व्हॉर्टेक्सवर हलवायची वेळ किटच्या पत्रकात दिलेली असते. ती कंटाळवाणी वाटते, पण पूर्ण पाळा.

तांबड्या पेशी फुटतात का

रक्त निरोगी दात्याचं, संमतीपत्रासह, संस्थेच्या नीतिसमितीच्या परवानगीने घ्या. लिथियम हेपारिनची नळी चालेल. आधी एकूण हिमोग्लोबिन मोजा आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या फॉस्फेट बफरने रक्त मिलिलिटरला १० मिलिग्रॅम हिमोग्लोबिन, दोन इकडे-तिकडे, एवढ्यावर आणा. साधारण १५ पट पातळ करावं लागतं. प्लाझ्मात आधीच मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मोकळं हिमोग्लोबिन असेल तर ते रक्त टाकून द्या. घेतानाच किंवा आणताना पेशी फुटल्यात.

नळीत १०० मायक्रोलिटर कण, ७०० मायक्रोलिटर बफर आणि शेवटी १०० मायक्रोलिटर पातळ रक्त. इथे कण ९ पट पातळ होतात हे विसरलं जातं. नळीत मिलिलिटरला १ मिलिग्रॅम हवं असेल तर मूळ द्रावण ९ मिलिग्रॅमचं लागतं. तेवढ्या घट्ट द्रावणात कण गोळा होत नाहीत ना, हे आधी पाहून घ्या. ३७ अंशाला तीन तास ठेवा, अधूनमधून नळी हळूच उलटीसुलटी करा. व्हॉर्टेक्स अजिबात नको. मग ८०० जी वर १५ मिनिटं फिरवा आणि वरचं द्रव घ्या. त्यात समान आकारमानाचं ड्रॅबकिन द्रावण (हिमोग्लोबिन मोजण्यासाठीचं) घालून ५४० नॅनोमीटरला वाचा. ड्रॅबकिनमध्ये सायनाइड असतं. त्याचा आम्लाशी संबंध येऊ देऊ नका, बेसिनमध्ये ओतू नका, कचऱ्याची बाटली वेगळी ठेवा.

सकारात्मक कंट्रोल ट्रायटन एक्स-१०० (पेशी फोडणारं डिटर्जंट), नकारात्मक नुसतं बफर. तिसरा कंट्रोल बरेच जण टाळतात, आणि निकाल तोच ठरवतो: रक्त नसलेली, फक्त कणांची नळी. सोन्याचे ५० नॅनोमीटरचे कण ५३० च्या आसपास प्रकाश शोषतात, म्हणजे हिमोग्लोबिनच्या अगदी शेजारी. उदाहरणादाखल, प्लेटचा कोरा आकडा वजा केल्यावर नमुना ०.१६, फक्त कण ०.१०, बफर आणि रक्त ०.०४, ट्रायटन १.०४ असं वाचन आलं. कण वजा न करता हिशेब केला तर १२ टक्के पेशी फुटल्या असं दिसतं. वजा केल्यावर २ टक्के. पाच टक्क्यांच्या वर ‘रक्तपेशी फोडणारा’ हा शिक्का बसतो, दोनच्या खाली बसत नाही आणि मधलं ‘किंचित’ समजलं जातं. रक्त नसलेल्या एका नळीने निकाल फिरतो.

उलटंही घडतं. काही कण मोकळं झालेलं हिमोग्लोबिन स्वतःला चिकटवून घेतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ते घेऊनच तळाला बसतात. वर द्रव स्वच्छ, निकाल छान, आणि खोटा. गाळ लालसर दिसला की शंका घ्या. मुद्दाम फोडलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन कणांबरोबर तीन तास ठेवून परत किती मिळतं ते मोजलं की उलगडा होतो.

उघड्या सिलिकाचे कण बफरमध्ये पेशी फोडतात, पण प्लाझ्मा घातला की हा उपद्रव बराच कमी होतो. असं दिसलं तर दोन्ही आकडे द्या. बफरमधला आकडा कणाबद्दल सांगतो, प्लाझ्मातला कवच चढलेल्या कणाबद्दल.

प्रथिनांचं कवच

रक्तात शिरल्यावर काही सेकंदांत कणावर प्रथिनं बसायला लागतात. अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, अपोलायपोप्रोटीन, अँटीबॉडी, कॉम्प्लिमेंटचे तुकडे. मॅक्रोफेजला (परकं ते गिळणाऱ्या पेशीला) तुम्ही कणावर चढवलेला पीईजीचा (पॉलीइथिलीन ग्लायकॉलचा) किंवा सायट्रेटचा थर दिसत नाही, हे कवच दिसतं. कवचात काय आहे यावर कण कुठे जाणार हे ठरतं. लिपिड नॅनोकण शिरेतून दिले की अपोलायपोप्रोटीन-ई अंगावर घेऊन यकृताच्या पेशींत शिरतात. पॅटिसिरान हे २०१८ साली मंजूर झालेलं औषध याच वाटेने काम करतं. उलट, पॉलीॲक्रिलिक आम्लाचा थर असलेल्या सोन्याच्या काही कणांवर बसलेलं फायब्रिनोजेन उलगडतं आणि पांढऱ्या पेशींवरच्या मॅक-१ या ग्राहीला चेतवून दाह सुरू करतं. कण तोच, पण कवचातल्या प्रथिनाची घडी बिघडली की संदेश बदलतो.

चाचणीसाठी कण प्लाझ्मात ३७ अंशाला तासभर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, थंड बफरने तीनदा धुवा, दरवेळी नळी बदला. नळीच्या भिंतीला चिकटलेली प्रथिनं पुढे येऊन कवचात मोजली जातात, म्हणून ही बदली. मग नमुना-बफरमध्ये ९५ अंशाला ५ मिनिटं उकळून जेलवर चढवा. कण नसलेला प्लाझ्माही तसाच फिरवा आणि धुवा. प्लाझ्मातली गोळा झालेली प्रथिनं कणाशिवायही तळाला बसतात, आणि त्या पट्ट्यांना कवच समजून लिहिलेले निबंध कमी नाहीत.

सोन्याला हे जमतं, लिपिडला नाही. हलके कण तळाला बसत नाहीत आणि त्याच आकाराचे रक्तातले लायपोप्रोटीन त्यांच्यासोबत फिरतात. तिथे साइज एक्सक्लुजन कॉलम (आकारानुसार वेगळं करणारा) वापरा आणि कोरा प्लाझ्मा त्याच कॉलममधून वेगळा चालवा. कल्चरमध्ये १० टक्के सीरम असतं, रक्ताचा निम्म्याहून जास्त भाग प्लाझ्मा असतो. दोन्हीकडे कवच सारखं असेल असं गृहीत धरू नका.

कॉम्प्लिमेंट

ही चाचणी वगळल्याची किंमत रुग्ण मोजतो. लिपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन, म्हणजे १९९५ साली मंजूर झालेलं डॉक्सिल, पहिल्याच वेळी देताना काही रुग्णांना चेहरा लाल होणं, छाती आवळणं, रक्तदाब घसरणं असा त्रास होतो. ॲलर्जीत दिसणारी आयजीई अँटीबॉडी नसतानाही ॲलर्जीसारखं चित्र, म्हणून त्याला छद्म-ॲलर्जी म्हणतात. बुडापेस्टच्या यानोश सेबेनी यांनी याचा धागा कॉम्प्लिमेंटशी जोडला. म्हणूनच ते औषध सुरुवातीला मिनिटाला १ मिलिग्रॅम एवढ्या संथ गतीने सोडतात. पॅटिसिरान देण्याच्या किमान तासभर आधीही स्टिरॉइड, पॅरासिटामॉल आणि दोन प्रकारची अँटिहिस्टामिन देतात.

प्रयोगात बहुतेक गोंधळ नळीपासून सुरू होतो. रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेलं ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही पकडतं, म्हणजे कॉम्प्लिमेंट बंदच. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या प्लाझ्मात कण टाकून ‘काही होत नाही’ असा आनंद करू नका. हेपारिनही जास्त मात्रेत दाबतं. सीरम घ्या किंवा हिरुडिन (रक्त गोठू न देणारं दुसरं द्रव्य) घातलेला प्लाझ्मा. रक्त गोठल्यावर सीरम लगेच थंडीत वेगळं करा, छोटे भाग करून उणे ८० अंशाला ठेवा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. ५६ अंशाला अर्धा तास तापवलेल्या सीरममध्ये कॉम्प्लिमेंट मेलेलं असतं. तो तुमचा छान नकारात्मक कंट्रोल होऊ शकतो, पण कल्चरमध्ये सवयीने तेच सीरम वापरत असाल तर तिथे कॉम्प्लिमेंटचा परिणाम कधीच दिसणार नाही.

एक भाग कण, चार भाग सीरम. सीरम यापेक्षा पातळ करू नका, कारण कॉम्प्लिमेंट चेतण्याच्या तीन वाटांपैकी (क्लासिकल, लेक्टिन, पर्यायी) पर्यायी वाट पातळ होण्याने सगळ्यात आधी मंदावते. ३७ अंशाला ३० मिनिटं ठेवा, बर्फावर घेऊन २० मिलिमोलर ईडीटीए घालून थांबवा. मग सी३ए, सी५ए किंवा एससी५बी-९ हे साखळी चेतल्यावर तयार होणारे घटक एलायझाने (अँटीबॉडी वापरून मोजायच्या चाचणीने) मोजा. मी सांगेन एससी५बी-९, कारण साखळी शेवटपर्यंत गेली का हे त्यातून कळतं. सकारात्मक कंट्रोल झायमोसन (यीस्टच्या पेशीभित्तीतला पदार्थ), पार्श्वभूमी म्हणून सलाइन. सलाइनचाच आकडा उंच आला तर सीरम जुनं झालंय.

आकडा चढला तर कोणत्या वाटेने ते शोधा. ईजीटीए आणि जादा मॅग्नेशियम घातलं की क्लासिकल आणि लेक्टिन वाटा बंद होतात, पर्यायी चालू राहते. तरीही आकडा उंच राहिला तर दोष कणाच्या पृष्ठभागातच शोधा. पडला तर कणावर बसलेल्या अँटीबॉडीचा किंवा लेक्टिनचा संशय घ्या. दाते किमान तीन घ्या आणि त्यांची सरासरी काढून लपवू नका. एखादाच दाता भडकतो, आणि तुम्हाला शोधायचा असतो तो तोच.

पांढऱ्या पेशी

टीएचपी-१ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मोनोसाइटसारख्या मानवी पेशी) पीएमए या रसायनाने मॅक्रोफेज बनवल्यावर एक दिवस साध्या माध्यमात विसावू द्या. पीएमए स्वतःच त्यांना अर्धवट चेतवतं. ताज्या रक्तातल्या मोनोसाइट वापरत असाल तर रक्ताच्या नळ्यांचंही एंडोटॉक्सिन तपासा. त्या निर्जंतुक असतात, एंडोटॉक्सिनमुक्त असतीलच असं नाही.

पेशी सोडतात त्या संदेश-प्रथिनांपैकी (सायटोकाइन) टीएनएफ-अल्फा चार ते सहा तासांत, इंटरल्युकिन-६ चोवीस तासांत मोजा. इंटरल्युकिन-१ बीटा वेगळ्या यंत्रणेचं आहे. मॅक्रोफेजला पूर्ण गिळता न येणारी लांब कार्बन नलिका किंवा टोकदार स्फटिक आत अडकला, त्याच्या पिशवीला भोक पडलं, की एनएलआरपी-३ इन्फ्लॅमसोम, म्हणजे पेशीतली दाह पेटवणारी यंत्रणा, जागा होतो. सिलिका आणि ॲस्बेस्टॉस फुप्फुसात हेच करतात.

कंट्रोल असे लावा: फक्त पेशी, पेशी आणि लिपोपॉलीसॅकराइड, पेशी आणि कण, पेशी, कण आणि पॉलिमिक्सिन-बी, पेशी, कण आणि लिपोपॉलीसॅकराइड. पॉलिमिक्सिन एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करतं. ते घातल्यावर प्रतिसाद कोसळला तर दोषी कण नव्हता, परत पहिल्या चाचणीकडे जा. कोसळला नाही म्हणजे कण निर्दोष सुटला असंही नाही, कारण कणाच्या थरात दडलेल्या एंडोटॉक्सिनपर्यंत पॉलिमिक्सिन पोचत नाही. पाचवा कंट्रोल कण प्रतिसाद दाबतात का ते दाखवतो.

आता एलायझा. कण सायटोकाइन चिकटवून घेतात आणि आकडा खाली आणतात. पेशी नसलेल्या माध्यमात कण आणि मिलिलिटरला ५०० पिकोग्रॅम टीएनएफ चोवीस तास ठेवून फिरवा आणि मोजा. निम्मंच परत आलं तर पेशींचे आकडेही अर्धे दिसताहेत. पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून दाखवणाऱ्या एमटीटी चाचणीचीही हीच गत. कार्बन नलिका एमटीटीच्या जांभळ्या स्फटिकांना धरून ठेवतात आणि जिवंत पेशी मेलेल्या दिसतात. एलडीएचने (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं विकर मोजून) दुसरं मत घ्या.

पेशींनी कण गिळले की नुसते वर बसले, हे पाहायला तीच चाचणी ४ अंशाला लावा. थंडीत गिळणं थांबतं, चिकटणं थांबत नाही. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गिळलेले. जड कण कल्चर प्लेटच्या खळग्याच्या तळाला साचतात, म्हणून मात्रा मिलिलिटरमागेच नव्हे, चौरस सेंटिमीटरमागेही लिहा.

प्राणी आणि दुसरा डोस

भारतात प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी २०१९ साली निघालेली केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. अर्ज लिहिण्याआधी ती वाचली तर समितीचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

पीईजी लावलेले कण पहिल्या वेळी रक्तात तासन्‌तास फिरतात. आठवड्याने दुसरा डोस दिला की तेच कण झटकन यकृतात गडप होतात. मधल्या काळात प्लीहेतल्या बी-पेशींनी पीईजीविरुद्ध आयजीएम ही अँटीबॉडी तयार केलेली असते. एकाच डोसचा प्रयोग करून ‘पीईजीमुळे कण लपतात’ असं लिहू नका. उंदराला किंवा रॅटला (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला) ५ ते ७ दिवसांनी दुसरा डोस द्या आणि रक्तातलं प्रमाण दोन्ही वेळा मोजा. छद्म-ॲलर्जीसाठी मात्र उंदीर फारसे कामाचे नाहीत. डुकराच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत मॅक्रोफेज असतात, त्यामुळे ते अगदी छोट्या डोसलाही प्रतिसाद देतं.

पीईजीविरुद्धची अँटीबॉडी एलायझाने मोजताना धुण्याच्या बफरमध्ये सवयीने ट्वीन-२० हे डिटर्जंट घातलं जातं. ट्वीनच्या रेणूत पीईजीसारख्याच साखळ्या असतात. तुम्ही शोधत असलेली अँटीबॉडी त्यांनाच चिकटते आणि धुऊन निघून जाते. प्लेट कोरी दिसते आणि ‘अँटीबॉडी सापडली नाही’ असं लिहिलं जातं. ट्वीनऐवजी ०.१ टक्का चॅप्स (पीईजीच्या साखळ्या नसलेलं डिटर्जंट) वापरा, ब्लॉकिंगच्या बफरमध्येही ट्वीन नाही ना ते बघा, आणि विकत आणलेल्या किटच्या बाटलीवरचं लेबल एकदा नीट वाचा.